मारवेलीच्या पात्यातलं पाखरू

१२ ऑगस्ट, मंगळवार

बकरीला गवत कापायला बांधावर गेले. मारवेल मांडीपर्यंत आलीय यंदा. मूठ धरली, विळा लावणार, तर एका पात्यावर पांढरी पट्टी. वाटलं गोगलगायीची लाळ. बोटाने पुसली, जाईना. पातं उन्हाकडे धरलं तर आत कोणीतरी चालतंय! पात्याच्या दोन सालींच्या मधे. कागदाएवढं पातं, आणि त्यात बिऱ्हाड.

तसली आठ पाती निघाली. बाजूला ठेवली. बकरी ओरडून ओरडून... थांब म्हटलं, तुझ्या ताटात कोणीतरी राहतं.

पलीकडच्या कपाशीतून नानाची हाक. "भाबी, काय देखी ऱ्हायनात? सोनं सापडनं का?"

"हा. पन तुना हिस्सानं नही."

दीर झाला म्हणून काय सगळं सांगायचं?

१४ ऑगस्ट, गुरुवार

कृषी सहायक आला होता ग्रामपंचायतीत. पातं दाखवलं. मोबाईलमधून मान वर न करता, "नागअळी. माशीची असते. फवारा घ्या." टमाट्यावरची नागअळी मी काय आज बघते का? तिची वाट वाकडीतिकडी, सापासारखी. ही सरळ, पात्याच्या रेघेला धरून खाली खाली येते. सांगितलं तसं. तर म्हणे, "मावशी, गवताला कशाला डॉक्टर?"

घरी येऊन ह्यांचं भिंग काढलं. अठ्ठावीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होते, रिटायर होताना घरी काय आणलं तर हे भिंग आणि गुडघेदुखी. सुईने साल उचलली. अळी पिवळट. डोकं तपकिरी, स्पष्ट. माशीच्या अळीला असं डोकं नसतं. हे मला ह्यांनीच सांगितलं होतं, भर जेवताना, मी ताट बाजूला सारलं होतं. म्हणजे ही माशी नव्हे. पाखरू होणार.

देवरे सरांना फोन लावला. ह्यांचे साहेब. आता घरीच असतात अमळनेरला, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय.

"सुमनबाई, गवताच्या पात्यात? नक्की गवतच ना?"

"नाही सर, केळीचं पान आहे. बकरीसाठी बारीक करून आणलं."

हसले नाहीत. कधीच हसत नाहीत. हे म्हणायचे सर आतून हसतात.

मग एकदम घाई सुटली त्यांना. गवत पोखरणारी पाखरं फार थोडी, आपल्याकडे तर कोणी बघितलेलीच नाहीत म्हणे, कारण गवत उन्हाकडे धरून कोण बघतं! पाळा म्हणाले. पातं बाटलीत, देठाला ओला कापूस, तोंडाला फडकं. अळी बाहेर येईल, कोष करेल, पाखरू निघेल. पाखरू बघितल्याशिवाय नाव नाही.

कोणतं गवत विचारलं. मारवेल म्हटलं. "बरं बरं."

१९ ऑगस्ट, मंगळ.

बाटली १ गेली. बुरशी. अळी पात्यातल्या पात्यात काळी पडून... शी.

सर म्हणे, "ओला म्हणजे दमट, सुमनबाई. ओलाचिंब नव्हे." मग तसं बोलायचं ना! माझ्या घरात ओलं म्हणजे ओलं.

ब. २, ब. ३ भरल्या. सरांनी औषधाच्या लहान बाटल्या पाठवल्यात, गावच्या दूधवाल्याकडून. त्याने सगळ्या गल्लीत सांगितलं की सुमनबाईला अमळनेरचं औषध सुरू झालं. दोघी जणी विचारून गेल्या काय होतंय म्हणून.

२२ ऑगस्ट, शुक्र. पोळा

बैल एकच राहिला गल्लीत, त्याला ओवाळायला दहा बाया.

पुरणपोळी खाता खाता नानाने विषय काढला. बांध साफ करायचाय. तणनाशक मारणार, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "बांधवर बठ्ठं तन माजी गयं शे. वेचनीन्या बाया उतरतस नही, साप ऱ्हास म्हनतस."

मी म्हटलं बांध सामायिक आहे, माझं पाखरू राहतं तिथे.

"कोनतं पाखरू?"

ते अजून माहीत नाही म्हटलं. मग काय, हसायलाच लागला. त्याची बायको शोभा तोंडाला पदर लावून. "अक्का, येवढुसा किडाले कोन नाव ठेवस व माय!"

नाना म्हणे, "ज्याले नावच नही, त्यानाकरता मी बांध ठेवू का?"

"नाना, तुले तरी कोठे नाव शे? बठ्ठं गाव नानाच म्हनस."

शोभाला ठसका लागला. नाना चिडला, पण पोळी खाली ठेवली नाही. शेवटी ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत मी पाखराचं नाव आणायचं. नाव आलं तर बांध माझा, तो फवाऱ्याचा पंप लावणार नाही, कधीच. नाही आलं तर दिवाळी झाल्याबरोबर बांध साफ. शोभा साक्षीला. बैलासमोर बोललाय.

आमच्या गावात दुसऱ्या कुठल्याच बांधावर मारवेल राहिली नाही. तीन वर्षांत सगळ्यांनी मारून टाकली. पट्टीवालं पातं मी सगळीकडे शोधलं, नाल्यापर्यंत. फक्त आपल्याच बांधावर.

३० ऑगस्ट, शनि.

ब. २ मधे हालचाल! चहा सोडून पळाले. भिंग लावलं. काळं, मुंगीच्या डोक्याएवढं, कंबर बारीक, मिशा हलवतंय. पाखरासारखं काहीच नाही त्यात.

फोटो पाठवला. सर म्हणाले ही गांधीलमाशीच्या नात्यातली. अळीच्या अंगात अंडं घालते, पोर आतल्या आत अळी खाऊन मोठं होतं. म्हणजे अकरा दिवस मी घरमालक समजून चोराला पाळलं.

ब. ३ मधेही तेच निघालं, दुपारी.

सर म्हणतात हीसुद्धा महत्त्वाची नोंद आहे. मी म्हटलं सर, नानाला गांधीलमाशी चालणार नाही.

९ सप्टेंबर, मंगळ.

नव्या सहा पात्यांत अळ्या. पितरं सुरू झाली. ह्यांची तिथी उद्या. भाज्या निवडता निवडता एक डोळा बाटल्यांवर.

सरांचा फोन. आता म्हणतात नुसतं पाखरू नको, नर पाहिजे. पंखांवरून अंदाज येतो, पण अशी एकसारखी दिसणारी चारपाच असतात, नक्की सांगायचं तर नर. का म्हणून विचारलं. बराच वेळ खोकले.

"त्याच्या शेवटच्या भागाची... रचना बघावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली."

"म्हणजे नवरदेवाचं धोतर सोडून नाव विचारायचं?"

फोन बंद. पाच मिनिटांनी परत आला. "रचना म्हणतात त्याला, सुमनबाई."

दिवसभर हसू येत होतं. तिथीच्या आदल्या दिवशी असं हसणं बरं नाही. पण हे असते तर हेच जास्त हसले असते.

१८ सप्टें., गुरु.

काय लिहू. स्वतःचे कान स्वतः उपटावेत.

लहान बाटल्या कमी पडल्या म्हणून तूरडाळीची काचेची बरणी घेतली होती. घासली, उन्हात वाळवली. आणि मग हात गेलाच. एरंडेलाचा बोळा आतून फिरवला. चाळीस वर्षांची सवय. सासूबाईंनी लावलेली, बरणी मोकळी झाली की एरंडेल, म्हणजे धान्याला पाखरू लागत नाही.

नाही लागत, खरंच. आज सकाळी निघालं आणि काचेला चिकटलं. फडफडून फडफडून पंखांची सगळी भुकटी काचेवर. भिंगातून बघितलं तर काचेवर चांदीची बारीक रेघ उमटलेली, आणि पाखरू बाजूला नुसतं उघडं, सोललेल्या शेंगदाण्यासारखं.

पाखरू लागू नये म्हणून तयार केलेल्या बरणीत मी पाखरू पाळत होते! कोणाला सांगितलं नाही. शोभाला तर मुळीच नाही.

२१ सप्टें., रवि.

सरांना सांगावंच लागलं. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. "अंग तरी जपून ठेवा, नर असेल तर चालेल."

ठेवलं होतं. कागदाच्या पुडीत, देव्हाऱ्याच्या फळीवर. पुडी उघडली तर मुंग्या. एक पायसुद्धा ठेवला नाही मेल्यांनी. तेलाचा वास लागला असेल.

महिना उरला. गवताला तुरे आलेत, खालची पाती पिवळी पडायला लागलीत. पट्टीवाली पाती आता मोजकी.

२७ सप्टें., शनि.

वैशाली आली मेहरूणहून, दोन दिवस. येताच, "आई, त्या बांधावर साप असतात, तू कशाला जातेस?" नानाचीच भाषा. बहुतेक त्यानेच फोन केला असणार हिला. लेक माझी, आणि फितूर.

पण मोबाईलला चिमट्याने लावायचं भिंग आणलंय तिने. अळीचे, कोषाचे फोटो काढले, आणि मोबाईलवर किडे ओळखून सांगणाऱ्या लोकांचा गट असतो, त्यात टाकले. संध्याकाळपर्यंत तीन उत्तरं. एक: फोटोवरून सांगता येणार नाही. दोन: नराची तपासणी करावी. तीन: खूप छान टिपलंय!

तिसऱ्याला समोर आणा माझ्या.

कोष मात्र बघण्यासारखा. पात्याला कमरेतून एक धागा बांधून उभा. झोळीसारखं नाही, पट्ट्यासारखं. एवढ्याशा जिवाला पट्टा आवळायची अक्कल कोणी दिली?

२ ऑक्टोबर, गुरु. दसरा

दोन! एकाच सकाळी! ब. ७ आणि ब. ९, दोन्ही औषधाच्या बाटल्या, एरंडेल नाही.

जिऱ्याच्या दाण्याहून लहान. पंख मिटून बसलं की गवताचं कुसळ. भिंगाखाली मात्र... काळसर पंख, मधोमध चांदीची आडवी रेघ, टोकाकडे दोन ठिपके, एक वर एक खाली. कडेला झालर. मी शोभाला बोलावून दाखवलं. तिने भिंग धरलं, बघितलं, परत बघितलं. "अक्का, हाई तं पैठनी शे."

मग सर म्हणाले तसं, दोन्ही बाटल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात. हे करताना बरं नाही वाटलं. आपट्याचं पान वाटायच्या दिवशी. सर म्हणाले दोनच घ्या, पुढे निघतील ती सोडून द्या. हो म्हटलं.

५ ऑक्टो., रवि. अमळनेर

डब्यात कापूस, कापसात बाटल्या, एस.टी.त डबा मांडीवर, शेजारी एक बाई केळ्याचा घड घेऊन. तिला दोनदा म्हटलं बाई, घड तिकडे. "काय शे डबामा?" जावई म्हटलं. घड पलीकडे घेतला.

सर दारातच उभे. पाखरू भिंगाखाली धरून दोनदा बघितलं. मग पोटाचा भाग वेगळा करून कसल्याशा पाण्यात गरम करत ठेवला. तोवर चहा. मग सूक्ष्मदर्शक. चांगल्या डोळ्याने बघतात, दुसरा मिटून.

पहिलं मादी.

दुसऱ्याला खूप वेळ लावला. मी खुर्चीच्या काठावर.

"नर."

"सुटलं का सर धोतर?"

आणि सर हसले! मोठ्याने! मी इतकी दचकले की चहा सांडला.

मलाही दाखवलं. मला दोन वाकडे विळे दिसले, समोरासमोर. सरांनी जुनं पुस्तक काढलं, विळे ताडले, पंखावरची रेघ ताडली. पुस्तकात त्या पाखराची एकच ओळ आहे म्हणे. फार दुर्मिळ, कधीतरी कोणीतरी बघितलेलं. सर म्हणाले, "चाळीस वर्षं शिकवलं मी दुसऱ्यांनी दिलेली नावं. माझ्या हातून एक नोंद..." आणि चष्मा पुसत बसले.

नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. इंग्रजीसारखं, इंग्रजी नव्हे. दोन शब्द. मग पाखराखाली लावायची चिठी लिहिली, मुंगीच्या अक्षरात. गाव. तारीख. शोधणार: श्रीमती सुमन. आणि खाली, हरळीच्या पात्यात.

हरळी!

तोंड उघडलं होतं मी. ऑगस्टमधेच सांगितलं होतं मारवेल. पण पुस्तकात हरळी, म्हणून पातंही हरळीचं झालं. वाळलेला तुकडा, सरांना कळणार तरी कसं.

मग बांध आठवला. तोंड मिटलं.

६ ऑक्टो., सोम.

चिठ्ठी नानाच्या हातात दिली. उलटी धरली, सुलटी धरली. "हाई नाव शे का औषध?"

नाव आहे. वाच.

वाचता येईना. मलाही येत नाही, पण मी तसं दाखवलं नाही. चिठ्ठी परत दिली. मग म्हणाला, "बरं. बोलनू व्हतू. बांध तुमना."

जिंकले. शोभाने शिरा केला.

दोनदा वाढून घेतला. गोड कमी होतं का माहीत नाही, मला लागलंच नाही.

८ ऑक्टो., बुध.

मी खोटं बोलले नाही. सर बोलले. मी गप्प बसले फक्त. आणि हरळी काय, मारवेल काय, दोन्ही गवतच. तुरेसुद्धा सारखेच, बोटं पसरल्यासारखे. शहरातला माणूस फसणारच.

पण हरळी जमिनीला लोळते, मारवेल उभी राहते. मारवेलीच्या कांड्यावर पांढरी लव असते, दाढी राखल्यासारखी. कांडं चुरलं की वास येतो. बकरीलासुद्धा कळतं.

बांधाच्या खाली हरळी आहेच. आज तिचीही पाती बघितली. शे-दोनशे. एकावरही पट्टी नाही.

११ ऑक्टो., शनि.

सरांचा फोन. नोंद लिहून काढली म्हणे, पाठवायची आहे, माझ्या नावाचं स्पेलिंग विचारत होते. कधी नाही ते आवाजात उत्साह. ह्यांची आठवण काढली. "असते तर त्यांनी पेढे वाटले असते."

वाटले असते खरंच. आणि मग मला विचारलं असतं, सुमन, हरळी का ग?

प्रयोगशाळेतल्या बाटलीवर चुकीची चिठी लागली की ह्यांना जेवण जायचं नाही. मी हसायची. मेलेल्या बेडकाचं नाव चुकलं तर बेडूक उठून भांडणार आहे का, म्हणायची.

आता माझ्याच नावाखाली...

१३ ऑक्टो., सोम.

सांगितलं.

"सर, ती मारवेल आहे."

"काय मारवेल?"

"पातं. हरळी नाही. मारवेल."

"तुम्हाला खात्री आहे?"

"तीस वर्षं कापते सर. आंधळी झाले तरी सांगेन."

पुस्तक उघडल्याचा आवाज आला फोनमधून. ही पाखरं गवताच्या बाबतीत फार हट्टी म्हणे, एक जात एक गवत, फार तर दोन. मारवेलीवरचं कोणी लिहिलेलंच नाही. मग विळ्यांमधला जो बारीक फरक त्यांनी सोडून दिला होता, तो...

"मग हे ते नव्हे," सर म्हणाले. आवाज एकदम म्हातारा.

मग विचारलं, "त्या दिवशी समोर चिठी लिहिली. का बोलला नाहीत?"

"बांधासाठी."

खरं तेच सांगितलं. दुसरं काय सांगणार.

"उद्या बोलू," म्हणाले, फोन ठेवला.

१६ ऑक्टो., गुरु.

उद्या झाला, परवा झाला. फोन नाही. मी लावला, उचलला नाही. मी लावला तर उचलत नाहीत असं पहिल्यांदाच.

एक पाखरू निघालं ब. ११ मधून. बांधावर नेऊन सोडलं. क्षणभर पात्यावर बसलं, मग दिसेना. डोळ्यांचा दोष की त्याचा, माहीत नाही.

२० ऑक्टो., सोम.

फराळ. चकलीचा साचा तुटला. शोभा मदतीला, नाना ओट्यावर बसून कच्च्या शेवेवर हात मारतोय.

नानाला सांगायची काही गरज नव्हती. त्याला चिठ्ठी वाचता येत नाही. सर इथे येऊन सांगणार नाहीत. बांध माझाच राहिला असता.

पण बैलासमोर तो बोलला होता तशी मीही बोलले होते. आणि सहा तारखेपासून त्याच्या तोंडाकडे बघून चिडवता येत नाहीय मला. ते फार जड जातं.

सांगितलं, नाव चुकलं. परत गेलं.

"नाव उनं, आनी परत गयं? पाव्हना शे का?"

"हा. पाव्हनाच शे. घर चुकना."

"मंग आते नाव काय?"

"नही. अजून कोनीच ठेवेल नही, असं दिखस."

शोभा म्हणाली, "अक्का, बोलन्या नसत्या तं काय बिघडतं व्हतं?" कढईकडे बघत म्हणाली, माझ्याकडे नाही.

नानाने शेव खाल्ली, हात झटकले. "दिवाळी झायी की पंप मारसू. शबद म्हंजे शबद." जिंकल्यासारखं बोलला नाही. त्याचाच जास्त राग आला.

दिवाळी कधी संपते यावरून मग भांडण. त्याची पाडव्याला, माझी तुळशीच्या लग्नापर्यंत. शोभाने निकाल दिला: भाऊबीज. ही साक्षीदार माझी की त्याची?

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज

संध्याकाळी दिवे लावताना फोन. सर. दहा दिवसांनी. नमस्कार नाही, काही नाही.

"मारवेल मुळासकट बघायची आहे मला. जमिनीत उभी असलेली. आणि त्यावरच्या अळ्या, आणि शेजारची हरळीपण. उद्या येतो. मला पुस्तकावर विश्वास होता, सुमनबाई, तुमच्यावर ठेवायला हवा होता." मग, "पण तुम्ही बोलायला हवं होतं."

हो सर, म्हटलं. कधी नाही ते नुसतं हो सर.

मग विचारलं, नाव मिळेल का? म्हणाले, सांगता येत नाही. अजून नर लागतील, दुसऱ्या कोणाचा तरी डोळा लागेल, पुढचा पावसाळा लागेल. कदाचित दोन.

उद्या नानाचा पंप आहे हे सांगितलं. "मग मी पहिल्या गाडीने निघतो."

२४ ऑक्टो., शुक्र. बांध

वही मांडीवर घेऊन बांधाच्या मधोमध बसलेय. अक्षर वाकडं येणारच. चटई आणली, पाण्याचा तांब्या आणला.

नाना सातलाच आला. पंप पाठीवर, भरलेला. सकाळी वारा नसतो. ऊन चढलं की वारा सुटतो, आणि वाऱ्यात तणनाशक मारलं तर त्याच्याच कपाशीवर उडणार. दहाच्या आत उरकायचं असतं.

"भाबी, उठा."

उठत नही.

"बोलेल व्हतंत तुम्ही."

"हा. बोलनू व्हतू ते खरं. हरनू तेबी खरं. पन सर ई ऱ्हायनात. देखू दे त्यासले एक डाव. मंग मार."

"आनी त्यासनी नाव नही सांगं तं?"

"तं नही सांगं."

त्या टोकाला गेला. वाटलं तिकडून सुरू करतो. नळी हातात धरलेली. मी मान वळवून बघत नव्हते, पण कान तिकडेच. फवाऱ्याचा आवाज येईना. मग वळून बघितलं तर खाली वाकलाय. एक पातं मोडून उन्हाकडे धरलं, टाकून दिलं. दुसरं धरलं. पंप पाठीवर तसाच, नळीतून थेंब थेंब त्याच्याच चपलेवर.

"यामा शे का?" तिथूनच विचारलं.

इथून काय दिसणार मला! पांढरी पट्टी आहे का बघ म्हटलं.

"दिखत नही." टाकलं. तिसरं घेतलं.

आता येऊन बसलाय माझ्यापासून पाच हातांवर, बांधावरच, कपाशीत पाय सोडून. पंप उतरवलेला नाही.

"किती वाजता येतस तुमना सर?"

दहाले, म्हटलं.

दहाची एस.टी. साडेअकराच्या आत कधी येत नाही. हे मला माहीत, नानाला माहीत. कपाशीची वरची पानं आत्ताच हलायला लागलीत.

नानाने तंबाखूची पुडी काढली, तळहातावर ओतली, आणि चुना लावून सावकाश मळत बसला.